दाणा, दारूगोळा आणि तट: मराठ्यांच्या युद्धांतल्या बायका

प्रश्न असा आहे: मराठ्यांच्या लष्करी इतिहासात जिजाऊ, ताराराणी, अहिल्याबाई आणि झाशीची राणी ही चार नावं सोडली तर बायका दिसतच नाहीत. त्या खरंच नव्हत्या, की कुणी त्यांची नोंद ठेवली नाही? आणि शोधायच्या म्हटलं तर कुठे?

होत्या, आणि पुष्कळ जणींची नोंदही आहे. मोडी कागद वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून हे सांगते. आपण बायका शोधतो त्या लढाईच्या वर्णनात. कोण पुढे झाला, कोणाला गोळी लागली, निशाण कोणी लावलं, एवढ्यावर बखरकाराचं लक्ष. त्यात बाई आलीच तर ती घोड्यावर बसलेली राणी म्हणून येते. पण फौज उभी राहते ती दाण्यावर, पैशावर, बैलांवर, दारूगोळ्यावर आणि तट पडला की रातोरात तो उभा करणाऱ्या हातांवर. ही सगळी कामं जमाखर्चात, हुकुमांत, तक्रारींत आणि पुष्कळदा शत्रूच्या पत्रांत सापडतात. बायका तिथे भेटतात.

झाशीपासूनच सुरुवात करते, कारण तिथली कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, त्यांचा १ एप्रिलला बेतवेवर पराभव झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज तटावर चढले. रोजने नंतर वरिष्ठांना जो अहवाल पाठवला त्यात त्याने आत लढणाऱ्यांच्या चिकाटीची दखल घेतली आहे. तोफा बंद पाडल्या तरी त्या पुन्हा सुरू व्हायच्या, पडलेला तट पुन्हा उभा राहायचा. तो लिहितो की तोफांच्या माऱ्याने झालेली पडझड दुरुस्त करायला बायका आणि मुलं हातभार लावताना दिसत होती, पहाऱ्यावरच्या शिपायांना पाणी पोचवत होती. त्याच्या फौजेतल्या डॉक्टर लो यानेही मोर्च्यांवर काम करणाऱ्या आणि दारूगोळा वाटणाऱ्या बायका पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे.

ही साक्ष शत्रूची आहे. बायकांचं कौतुक करण्यात रोजला काही स्वारस्य नव्हतं. शहर पडायला इतके दिवस का लागले हे त्याला समजावून सांगायचं होतं, आणि त्या कारणांत त्याला बायका मोजाव्या लागल्या. डोळ्यांपुढे आणा: वरून कुलपी (फुटणारे) गोळे पडताहेत, आणि कोणी पाण्याची घागर, कोणी दगडमाती, कोणी दारूच्या थैल्या घेऊन बुरुजाच्या पायऱ्या चढते आहे. यांपैकी एकीचंही नाव त्या अहवालात नाही. झलकारीबाईचं नाव उरलं ते कोरी समाजाने तोंडी परंपरेत जपलं म्हणून. २००१ मध्ये टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं. समकालीन कागदांत तिचा माग लागणं अवघड आहे, पण ज्या समाजाचे लोक लिहीत नव्हते त्यांच्याकडून लेखी पुरावा मागणं अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं. परंपरेला परंपरा म्हणावं, अहवालाला अहवाल, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावं.

आता मोठ्या घरच्या बायकांकडे वळू. त्यांची नावं राहिली, पण कामाचं श्रेय कागदावर दुसऱ्याच्या नावे लागलं. आपल्याकडे कारभार ज्याच्या शिक्क्याने चाले, इतिहास त्याच्या नावावर जाई. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालवली. पत्रं निघत ती मुलाच्या नावाने. तरी खाफीखान हा मोगल इतिहासकार, ज्याला मराठ्यांबद्दल जराही प्रेम नव्हतं, तो लिहितो की तिने सरदारांची मनं जिंकून घेतली आणि बादशाही मुलखात, थेट माळव्यातल्या सिरोंज-मंदसोरपर्यंत फौजा पाठवल्या.

त्या सात वर्षांतली गडांची लढाई मला फार शिकवून जाते. बादशहा जातीने एकेक गड घेत निघाला: सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. गड महिनोन् महिने झुंजवायचा, पावसाळा जवळ आणायचा, मोगलांची जनावरं चिखलात रुतू द्यायची, आणि अगदीच निभेना तेव्हा भरपूर रक्कम घेऊन गड सोडायचा. पुढे संधी साधून तोच गड परत घ्यायचा. यातला तोरणा तेवढा मोगलांनी पैसे न मोजता लढून घेतला. किल्लेदार आणि मुत्सद्दी पुष्कळ होते, पण फौज गुजरात-माळव्यात उतरवून बादशहाची पाठ मोकळी न ठेवण्याचं धोरण ताराबाईंच्या काळात पक्कं झालं. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला तेव्हा ताराबाई बत्तीस वर्षांच्या होत्या.

त्याआधीची येसूबाईंची गोष्ट आपण फार घाईने उरकतो. १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा पडत होता. सगळं राजघराणं एकाच गडावर अडकलं तर राज्यच संपेल, हे ओळखून त्यांनी राजारामांना बाहेर काढण्याच्या बाजूने कौल दिला आणि स्वतः लहान शाहूला घेऊन गडावर राहिल्या. राजाराम एप्रिलमध्ये निघाले, गड नोव्हेंबरपर्यंत झुंजला. तेवढ्या महिन्यांत राजारामांना दूर दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्याची वाट मोकळी झाली. त्याची किंमत येसूबाईंनी १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत राहून मोजली. लष्करी निर्णय म्हणून याचा अभ्यास व्हायला हवा. आपण तो त्यागाच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो.

उमाबाई दाभाडे यांच्याबद्दल हल्ली मोबाईलवर बरंच फिरतं, ‘एकमेव महिला सरसेनापती’ वगैरे. कागद काय म्हणतात ते पाहा. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला. सेनापतिपद शाहू महाराजांनी धाकट्या यशवंतरावाला दिलं. म्हणजे पद मुलाचं. पण पुढच्याच वर्षी डाकोरला दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा खून झाला तेव्हा अहमदाबादवर फौज घेऊन चालून गेल्या त्या उमाबाई, आणि गुजरातचा मोगल सुभेदार अभयसिंग याला तह करावा लागला तोही त्यांच्यापुढे. शाहू महाराजांनी त्यांच्या पायात सोन्याचे तोडे घातले असं सांगतात. पद नसताना सेनापतीचं काम करणारी बाई मला पदवी चिकटवलेल्या बाईपेक्षा कितीतरी मोठी वाटते. खोटी बिरुदं लावली की कोणी तरी एक दिवस ती खोडून काढतो, आणि मग खरं कामही त्याबरोबर वाहून जातं.

अहिल्याबाईंविषयी थोडं विस्ताराने लिहिते, कारण त्यांना आपण घाट आणि देवळं यांत बंद करून टाकलं आहे. १७६५ च्या सुमाराचं मल्हाररावांचं त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. सासरा सुनेला कळवतो: चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठा तोफखाना जवळ ठेवा, त्याला लागणारा दारूगोळा होईल तितका जमवा, आणि पुढे कूच करताना वाटेच्या बंदोबस्ताला चौक्या बसवत जा. पत्र वाचताना त्यातला सूर पाहा. ‘हे तुला जमेल का’ असा प्रश्न कुठे नाही. जे काम भरवशाच्या कारभाऱ्याला सांगावं ते काम, तेवढ्याच सरळपणे. म्हणजे अशी कामं त्या आधीपासून करत असल्या पाहिजेत. तोफखाना हलवायचा म्हणजे काय? बैलांच्या जोड्या, त्यांचा चारा, नदीला उतार कुठे आहे त्याची माहिती, दारू भिजू नये याची व्यवस्था, गोळ्यांचं माप तोफेच्या तोंडाला जुळतं की नाही याची तपासणी. यातलं एक चुकलं तरी तोफ म्हणजे नुसतं ओझं.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेला. राघोबादादांची नजर होळकरांच्या दौलतीवर होती. अहिल्याबाईंनी शेजारच्या सरदारांना पत्रं पाठवली, फौज जमवली, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला, आणि लढाई न होता प्रसंग टळला. राघोबांना लिहिलेलं म्हणून जे झणझणीत पत्र सांगितलं जातं ते मी इथे देत नाही. त्याविनाही हे काम पुरेसं मोठं आहे. फौजेची सरदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली, दौलतीचा कारभार आणि खजिना स्वतःकडे ठेवला. पुढची जवळजवळ तीस वर्षं तुकोजी मोहिमेवर आणि बाई महेश्वरात, अशी वाटणी राहिली. तुकोजींकडून पैशाची मागणी येते, बाई आधीच्या रकमेचा हिशेब मागतात, तुकोजी नाराज होतात, पुण्याला तक्रारी जातात. हा पत्रव्यवहार पुष्कळांना रटाळ वाटतो. माझ्या मते त्या काळचं युद्ध समजून घ्यायला याहून चांगला कागद नाही, कारण रोजमुरा, म्हणजे शिपायांचा पगार, थकला की फौज जागची हलत नसे. शिपाई धरणं धरून बसत, सरदाराला मुक्कामातून उठू देत नसत. उत्तरेतल्या मोहिमा कुठे अडल्या, का अडल्या, याचं अर्धं उत्तर महेश्वरच्या खजिन्यात आहे आणि त्याची किल्ली एका बाईच्या हाती होती. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी उठाव केला तेव्हाही फौजेची रवानगी बाईंनीच केली.

आता बैल. १६७८ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होते. आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या बेलवडीजवळ त्यांच्या फौजेचे सामान वाहणारे बैल गढीतल्या लोकांनी पळवले. बेलवडीच्या देसाईणीने, मराठीत सावित्रीबाई आणि कन्नडमध्ये मल्लम्मा, गढीचे दरवाजे लावून घेतले आणि सुमारे सत्तावीस दिवस दाद दिली नाही. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी २८ फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात हे कळवलं आहे. इतकी राज्यं जिंकलेल्या माणसाला ही एक देसाईण आवरत नाही, असा त्याचा आशय. धारवाडजवळच्या यादवाड गावात या प्रसंगाशी जोडलेलं शिल्पही आहे. आपल्याकडे ही गोष्ट महाराजांच्या औदार्याची म्हणून सांगतात. ते औदार्य होतंच. पण त्या बाईने नेमकं कुठे बोट ठेवलं तेही पाहायला हवं. लांबच्या मोहिमेवरून परतणाऱ्या फौजेचा जीव ओझ्याच्या जनावरांत असतो, आणि तिने तेच धरले.

बैलांचा विषय निघाला की लमाण आले. दख्खनमधल्या सगळ्या फौजा, मोगल, मराठे, निजाम आणि १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीसुद्धा, धान्यासाठी लमाणांच्या तांड्यांवर अवलंबून होत्या. तांडा म्हणजे हजारो बैल आणि अख्खी कुटुंबं. बायका बैल लादायच्या, हाकायच्या, वाटेत बाळंत व्हायच्या आणि पुन्हा चालायला लागायच्या. फौजेच्या हिशेबात नोंद होते ती नायकाच्या नावाची आणि गोण्यांच्या संख्येची. बाई त्या गोण्यांच्या आकड्यात आहे, हे वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचं.

छावणीत बायका असाव्यात की नसाव्यात, याबद्दल शिवाजी महाराजांचा नियम कडक होता. बखरकार सभासद लिहितो की लष्करात बायको, बटीक (दासी), कलावंतीण नसावी. जो बाळगील त्याची गर्दन मारावी. अठराव्या शतकात हा नियम उरला नाही. पानिपताच्या मोहिमेत सरदारांचे कबिले (बायकामुलं), यात्रेकरू, बाजारबुणगे सगळे फौजेबरोबर निघाले होते आणि पराभवाचं एक खापर आपण त्यांच्यावर फोडतो. मला यातला अर्धाच भाग पटतो. कबिल्यांमुळे चाल मंदावली, दाणा लवकर संपला, हे खरं. पण बाजारबुणग्यांतच दळणारे, लाकूडफाटा आणणारे, गवत कापणारे, मोट बांधणारे होते. ती माणसं काढून टाकली तर ती कामं शिपायाला करावी लागली असती. आणि १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर त्या बायकांचं जे झालं ते लिहिताना बखरकारांची लेखणी आखडते. ज्या धरल्या गेल्या त्यांची गणती आपण हानीत करत नाही.

छावणीतली एक बाई मात्र तपशिलाने भेटते. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याच्या पत्रांत जोरावरसिंग नावाच्या शिपायाची हकिकत आहे. हा शिपाई म्हणजे पुरुषवेषातली एक तरुण मुलगी. भाऊ कर्जापायी भोपाळमध्ये कैदेत पडला होता, त्याला सोडवायला पैसे जमवायचे म्हणून ती पलटणीत भरती झाली आणि कोणाला पत्ता न लागू देता नोकरी करत राहिली. गुपित फुटल्यावरही तिला कोणी त्रास दिला नाही. उलट मान वाढला. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी तिला आपल्या पदरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली, पण तिचं म्हणणं एकच, भाऊ सुटला पाहिजे. मला या हकिकतीत तिच्या धाडसाइतकंच तिचं कारण महत्त्वाचं वाटतं. पगार. पुरुष शिपाई ज्या कारणाने भरती होत त्याच कारणाने तीही झाली. देशासाठी, धर्मासाठी अशी भाषणं तिच्या तोंडी घालायची गरज नाही.

बायजाबाई स्वतः सरदार घाटग्यांची लेक, घोड्यावर पक्की मांड, आणि सावकारी पेढ्यांचा व्यवहार असा की खुद्द कंपनी सरकारला त्यांच्याकडून कर्ज घ्यावं लागलं. त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

एक गोष्ट सांगणं जड जातं, पण ती टाळून हा विषय पुरा होणार नाही. किल्ल्यांवर, सरकारी कोठ्यांत, पागांत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, राबत. मोहिमेत धरून आणलेल्या, दुष्काळात विकल्या गेलेल्या, कोणत्या तरी गुन्ह्यात सरकारजमा झालेल्या बायका. दळण, कांडण, झाडलोट, जनावरांचं शेणपाणी ही कामं त्यांच्याकडे. हिशेबात त्यांची किंमत लिहिलेली असते, वर्षाला दिलेलं लुगडं आणि धान्य लिहिलेलं असतं. गड वर्षभर भांडू शकला तो कोठीत धान्य होतं म्हणून, आणि ते धान्य पिठाच्या रूपात शिबंदीच्या, म्हणजे गडावरच्या शिपायांच्या, ताटात कोणी आणलं हे त्या हिशेबात उघड दिसतं. राण्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या बायकांकडे पाठ फिरवावी, हे मला मान्य नाही.

लढाई संपल्यावरचा कागद म्हणजे बालपरवेशी. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटासाठी सरकारातून नेमणूक मिळे, कधी रोख, कधी जमीन. या कागदांत मयताचं नाव असतं, तो कोणाच्या पथकात होता, कुठे कामास आला ते असतं. त्याची बायको बहुतेक वेळा ‘त्याची बायको’ एवढीच. पण अर्ज तिचाच. नेमणूक थकली, दिराने दाबली, गावच्या पाटलाने जमीन दिली नाही, अशा तक्रारी घेऊन ती पुन्हा पुन्हा दारात येते. शिलेदाराचा घोडा वाचला असेल तर तो कोणा भाऊबंदाला देऊन पथकातली जागा मुलगा मोठा होईपर्यंत टिकवायची, हेही तिलाच पाहावं लागे. पुढच्या पिढीचा स्वार अशा घरातून तयार व्हायचा.

कुठे शोधायचं? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यातले निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या आसपास ४५ खंडांत छापले, आणि बहुतेक अभ्यासक तिथेच थांबतात. त्या निवडीत राजकारणाच्या पत्रांना मान मिळाला. ज्यांना बायका शोधायच्या आहेत त्यांनी रोजकीर्द, घडणी, पागा, पथके, प्रांत अजमास हे रुमाल (कागदांची बासनं) उघडावेत. मोडी यायलाच हवी; नेटाने रोज बसलं तर काही महिन्यांत साधी यादी वाचता येते, शिकस्ता, म्हणजे घाईने ओढलेल्या, वळणाला वेळ लागतो. भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे मंडळ, कोल्हापूरचं दप्तर, तिन्हीकडे करण्यासारखं भरपूर आहे. वाचताना एक सवय लावून घ्या: नाव नसलेली बाईसुद्धा टिपून ठेवायची. ‘अमक्याची बायको’, ‘कुणबीण’, ‘कबिला’, जे लिहिलं असेल ते, तारखेसह आणि रकमेसह. अशा नोंदी साठत गेल्या की चित्र आपोआप भरत जातं.

आणि मोडी शिकेपर्यंत थांबू नका. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांची आठवण जपली आहे. अशी गावं सातारा, सांगली, कोल्हापूर भागात बरीच आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ज्यांचे नवरे सीमेवर होते किंवा परतलेच नाहीत, त्या बायकांपैकी काही जणी अजून आहेत, सत्तरी-ऐंशीच्या पुढे. त्यांना नवऱ्याच्या पराक्रमाबद्दल सगळे विचारतात. तुम्ही त्यांना विचारा, मनिऑर्डर किती दिवसांनी यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, पेन्शनच्या कागदांसाठी तालुक्याला किती खेपा घातल्या, पेरणी कोणी केली, बैल विकावे लागले का. त्यांची परवानगी घेऊन ते रेकॉर्ड करा, तारीख घाला, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.